अर्जुनवाडच्या पुलावरची मोजणी

सन २०४६च्या जानेवारीत जयसिंगपूरच्या सातव्या गल्लीत एक माणूस राहत होता. कृष्णेपासून पंचगंगेपर्यंतच्या लोकांनी कान टवकारून ऐकावं असं एक गुपित त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला स्वतःच्या बायकोलाही सांगता येत नव्हतं. त्याचं नाव भरतेश चौगुले. धंदा माणसं मोजण्याचा.

आता माणसं मोजणं ही काही फार रुबाबाची विद्या नव्हे. लग्नात पंगतीला वाढणारेही ती करतात आणि पुष्कळदा सरकारपेक्षा बरी करतात. पण भरतेश मोजायचा तो राष्ट्रीय महिला बास्केटबॉल लीगसाठी. लीगचे देशभर चौदा संघ होते, आणखी दोन द्यायचं ठरलं होतं. संघ कुणाला द्यायचा? जिथं तो जगेल त्या शहराला. रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळणारा संघ दोन हंगामांत मान टाकतो, हे लीगनं पोळून घेऊन शिकलेलं होतं.

पोळलेलं असं की, पूर्वी शहरं जनगणनेवरून निवडली जायची. साठ लाखांचं शहर तीस लाखांच्या शहराहून दुप्पट मोठं, एवढा सरळ हिशेब. पण एका साठ लाखांच्या शहरात स्टेडियम होतं एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाहून तिथं पोहोचायला पावणेदोन तास लागायचे. सामना बघायला निघालेला माणूस अर्ध्या वाटेत वैतागून घरी परतायचा. म्हणजे नावाला साठ लाख आणि कामाला अठरा. त्या अठराला लीगनं नाव दिलं, ‘पोहोचणारी वस्ती’. दिवसाचं काम आटोपून सामन्याला येईल आणि परत जाऊन वेळेवर झोपेल, तोच माणूस खरा. बाकीचे कागदावरचे.

हे खरे मोजायला जे यंत्र होतं, त्याला मराठी कचेरीतल्या कुणीतरी ‘पायरव’ म्हटलं आणि तेच नाव देशभर रुळलं. यंत्र म्हणायचं, पण नवं असं त्यात फारसं काही बसवलेलं नव्हतं. इंटरनेटसाठी प्रत्येक रस्त्याखाली काचेच्या तारा पुरलेल्या असतातच. त्यातल्या एका रिकाम्या तारेत लेझरचा स्पंद सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात कणाकणाला बारीक विषमता असते, तिथून प्रकाशाचा इवलासा अंश उलट परततो. वर कुणी पाऊल टाकलं की जमीन किंचित दबते, तार किंचित ताणली जाते आणि त्या परतणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. थोडक्यात, दर दोन-चार मीटरला जमिनीला एक कान फुटतो. या कानाला नाव कळत नाही, चेहरा कळत नाही, जात तर मुळीच कळत नाही. किती पाय, कुठल्या दिशेनं, कुठल्या लयीत, एवढंच कळतं. माणूस मोबाइल घरी ठेवून जाऊ शकतो, पाय घरी ठेवता येत नाहीत.

नव्या दोन संघांपैकी एक कोइमतूरला जवळजवळ पक्का झाला होता. उरलेल्या जागेसाठी चार अर्ज होते. राजकोटची पोहोचणारी वस्ती निघाली एकोणतीस लाख, रांचीची सव्वीस. तिसरा अर्ज कोल्हापूरचा आणि चौथा सांगली-मिरजेचा. कोल्हापूर चौदा लाख, सांगली-मिरज नऊ. मध्ये इचलकरंजी, जयसिंगपूर आणि गावं मिळून आणखी नऊ. पोरसुद्धा सांगेल की एकत्र मोजलं तर बत्तीस लाख होतात आणि राजकोट मागं पडतं. पण एकत्र अर्ज करायचा तर कुणाचं नाव आधी लिहायचं हा प्रश्न आला असता. तो प्रश्न सोडवण्यापेक्षा दोन्ही शहरांनी वेगवेगळं हरणं पसंत केलं होतं.

लीगच्या नियमावलीत मात्र एक कलम होतं, मोहोरबंद. तेच भरतेशचं गुपित. अर्ज कितीही वेगळे असोत, मोजणीच्या एकवीस दिवसांत दोन शहरांतल्या दर शंभर माणसांमागं दर आठवड्याला एकमेकांकडं बारा खेपा होत असतील, तर पायरव ती दोन्ही शहरं मधल्या वस्तीसकट एकच महानगर धरणार होतं. कुणी मुद्दाम माणसं नाचवू नयेत म्हणून हे कलम बाहेर सांगायची बंदी होती. भरतेशनं तशी शपथ घेतली होती, आणि चौगुल्यांच्या घरात शपथ ही चीज शोभेची नसते.

एरवी त्याला काळजी नव्हती. कोल्हापूरचं दुखणं मिरजेच्या दवाखान्यात जातं, सांगलीची चप्पल कोल्हापुरातून येते, आणि लग्नं तर अशी गुंतलेली की कुणाची आत्या कुठं हे सांगायला पाटी-पेन्सिल लागावी. बाराच काय, चौदा टक्के सहज भरले असते.

आणि ते भरावेत असं त्याला फार फार वाटत होतं. कारण त्याची बायको लखनौला होती.

राजमती चौगुले, माहेरची पाटील, कोल्हापूरची. लखनौच्या महिला संघाची कर्णधार. वय तेहतीस. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्या नऊ वर्षांत दर वर्षी ती नऊ महिने लखनौला असायची, तीन महिने जयसिंगपूरला. त्या तीन महिन्यांत सकाळी सहाला सातव्या गल्लीत चेंडूचा आवाज सुरू व्हायचा, धप्-धप्-धप्, आणि शेजारी घड्याळं लावायचे. उरलेले महिने गल्ली गप्प. लीगचा नियम असा की नवा संघ आपल्या महानगरात जन्मलेला एक खेळाडू हक्कानं घरी बोलावू शकतो.

"लखनौवाल्यांनी करार समोर ठेवलाय, तीन वर्षांचा," तिनं फोनवर सांगितलं. "एकतीस तारखेपर्यंत सही पायजे म्हणतात. तीन वर्षांनी मी छत्तीसची. म्हंजे तिथंच बूट टांगायचे. तुझा निकाल कधी?"

"तीसला."

"मग तीसपर्यंत थांबतो मी." कोल्हापूरच्या मुली ‘मी येतो, मी जातो’ असंच म्हणतात, लखनौचं पाणी नऊ वर्षं पिऊनही तिची ती खोड गेली नव्हती. "भरत, एकदा तरी घरच्या माणसांसमोर खेळायचंय रे. शिट्ट्या मराठीत ऐकायच्यात."

भरतेशनं मोजणी सुरू होण्याआधीच वरिष्ठांना लेखी कळवलं होतं, की माझी बायको खेळाडू आहे, निकालात माझा जीव अडकलाय, मला यातून काढायचं तर काढा. वरिष्ठ म्हणजे कोचीच्या डॉक्टर थंकम कुरियन. त्यांनी उलट कळवलं, "ज्याला लपवायचं असतं तो असं पत्र लिहीत नाही. काम चालू ठेवा. शेवटचा आकडा मात्र मी काढीन."

सगळं असं ठाकठीक असताना सासरे आले.

बाळगोंडा पाटील रेल्वेतून निवृत्त झालेले, सहा फूट दोन इंच, आवाज त्याहून उंच. तरुणपणी मिरजेला नोकरीत असताना रेल्वेच्या संघातून खेळलेले. आता कोल्हापूरच्या संघ हक्क कृती समितीचे अध्यक्ष. भडंगाची बशी पुढं ओढून त्यांनी जावयाला कात्रीत धरलं.

"पावणं, तुमच्या त्या यंत्राला पाय मोजायचे असत्यात, एवढं पेपरात आलंय. तवा आमी ठरवलंय, एकवीस दिवस कोल्हापूरचा माणूस अंकलीचा पूल ओलांडणार न्हाई. आमचे पाय आमच्यातच पडू देत. तिकडं जाऊन सांगलीचा आकडा कशाला फुगवायचा? बरोबर का चूक, एवढं सांगा."

भरतेशनं हातातलं भडंग परत बशीत ठेवलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला निघालेला माणूस, तोही सख्खा सासरा, समोर बसून विचारतोय की धोंडा इथं पाडू की थोडा डावीकडं.

"मामा, मला यातलं काही बोलता येत नाही."

"बोलू नका की. नुसती मान हलवा. चूक असंल तर हलवा."

भरतेश पुतळ्यासारखा बसला. मान हलली तर शपथ मोडणार होती. त्याला त्या क्षणी मानेवर माशी बसल्याचं जाणवलं, तीही त्यानं उडवली नाही.

बाळगोंडा मामांनी मांडीवर थाप मारली. "हलली न्हाई! म्हंजे बरोबर!" आणि उरलेलं भडंग कागदात बांधून घेऊन ते उठले.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात बंदी जाहीर झाली. तिसऱ्या दिवशी सांगली-मिरजेच्या समितीनं तिला जशास तसं उत्तर दिलं. त्या समितीचे अध्यक्ष हुसेनभाई सतारमेकर, मिरजेत तीन पिढ्या तंबोरे-सतारी घडवणाऱ्या घराण्यातले, बोलायला मऊ पण हट्टाला पक्के. "आमचाही माणूस पूल ओलांडून उदगावात पाऊल टाकणार नाही," ते म्हणाले. कोल्हापूर-सांगली हमरस्त्यावरच्या, कृष्णेवरच्या त्या अंकलीच्या पुलाच्या दोन्ही टोकांना स्वयंसेवकांनी खुर्च्या टाकल्या, शेगड्या पेटवल्या, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला नावागावासकट लाजवायला सुरुवात केली. एका नवरदेवाला मुंडावळ्यांसकट परत पाठवल्याची बातमी आली. ती खोटी निघाली, पण तीन दिवस सगळ्यांनी मोठ्या आवडीनं सांगितली.

जयसिंगपूरकरांची खरी पंचाईत. जिल्हा कोल्हापूर, बाजार सांगली, आणि मन दोन्हीकडं. भरतेशच्या गल्लीतल्या एका काकांनी दोन्ही समित्यांची वर्गणी भरली आणि एकवीस दिवस अंगणात बसून काढायचं ठरवलं.

पहिल्या आठवड्याचा आकडा आला, चार टक्के. भरतेशनं पडदा बंद करून पुन्हा लावला. चारच. अंकलीचा पूल, एरवी सकाळ-संध्याकाळ थरथरणारा, पायरवाच्या आलेखावर सपाट रेघ होऊन पडला होता.

दुसरा आठवडा, पाच टक्के.

त्या रविवारी राजमतीचा फोन आला. "बाबांचं काय चाललंय? ती बंदी बरोबर हाय का? तुझा आवाज आठ दिवस झाले बसलाय, म्हंजे काहीतरी चुकतंय. एक शब्द सांग त्यांना, भरत. नुसतं ‘उठवा’ म्हण."

"नाही सांगता येत."

"मी घरी यायचा प्रश्न आहे आणि तुला सांगता येत नाही?"

"राजी, मी सांगितलं आणि संघ आला, तर तो संघ मी आणलेला होईल. लोकांनी नाही. आणि उद्या कुणी विचारलं, तर तू कोर्टवर उभी असताना मला प्रेक्षकांत मान वर करून बसता येणार नाही."

पलीकडं चेंडूचा एक टप्पा ऐकू आला. ती विचार करत असली की हातात चेंडू असायचाच.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "पण फसवून टाकलेला बास्केट मीही घेत नाही. ठेवतो फोन." फोन ठेवल्यावर भरतेशला दोन मिनिटं रडू आलं, आणि त्यातलं अर्धं बायकोच्या कौतुकाचं होतं.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पायरवाला एक चाळण असते. सगळेच हादरे माणसांचे नसतात. ऊस भरलेल्या ट्रॉल्या, पाण्याचे पंप, मळणीयंत्रं, हे सगळं यंत्र गाळून बाजूला टाकतं. उसाच्या हंगामात शेतवाटांवरचे पहाटेचे हादरे तर सरसकट गाळात जायचे, कारण त्या वेळी तिथं ट्रॉल्यांशिवाय असतं कोण? पण हा गाळ रोज वाढत होता. कारखान्यांचा ऊस तेवढाच आणि गाळ मात्र दुप्पट, तिप्पट. आणि सगळा एकाच ठिकाणी दाटलेला, शिरोळहून मिरजेकडं जाताना कृष्णेवर जो अर्जुनवाडचा पूल लागतो, तिथं.

त्यानं त्या गाळाचा एक तुकडा मोठा करून पाहिला. ट्रॉलीचा हादरा जड आणि लांबट असतो. हे हलके होते, एकामागून एक, दोन चाकांचे. विजेच्या स्कूटर. आवाज नाही, धूर नाही, बहुधा दिवेही बंद. पुलाच्या अलीकडं थांबायच्या, दोन पाय उतरून चार पावलं पुढं जाऊन जणू कानोसा घ्यायचे, परत यायचे, आणि मग स्कूटर सुळकन् पूल पार करायची. उलट दिशेनंही तेच.

भरतेशनं खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि लगेच त्याला स्वतःचाच संशय आला. तहानलेल्याला मृगजळ दिसतं. नवऱ्याला गाळात माणसं दिसतील. त्यानं जे दिसलं ते, आणि आपल्याला ते दिसावं असं वाटत होतं हेही, जसंच्या तसं डॉक्टर कुरियनना लिहिलं.

तासाभरात त्यांचा फोन. "नियम चौतीस वाचा," त्या आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाल्या. "यंत्राबद्दल शंका आली तर माणसानं जागेवर उभं राहून मोजावं. दोन पहाटे. मी गाळ इथं स्वतंत्रपणे चाळते. तुमचा आकडा मला शेवटच्या दिवशीच सांगा, माझा मी तुम्हाला सांगणार नाही. आणि चौगुले, स्वेटर घालून जा."

बुधवारी पहाटे पाचला भरतेश अर्जुनवाडच्या पुलाशी एका बाभळीच्या आड उभा राहिला. हातात अंगठ्यानं दाबायचं मोजणीचं बटण. नदीवर धुकं, पलीकडं कुठंतरी गुऱ्हाळ, आणि काकवीचा वास. पाच मिनिटं काहीच नाही. आपण खुळे ठरलो असं त्याला वाटायला लागलं, तेवढ्यात पहिली स्कूटर आली.

मग दुसरी. मग रांगच लागली. डोक्यावरून शाल घेतलेली आई आणि मागं बसलेली मुलगी, मांडीवर शालूचा खोका. एक म्हातारा, हातात एक्स-रेचं पाकीट. कोल्हापूरहून मिरजेला शिकायला जाणाऱ्या तीन नर्सा, एकाच स्कूटरवर. मिरजेकडून येणारा एक पैलवान, लाल मातीच्या ओढीनं निघालेला, लंगोट खांद्यावर आणि तोंड मफलरमध्ये. एक जोडपं, त्यांना कशाची ओढ होती ते विचारायची गरज नव्हती. पुलाच्या मध्यावर ही मंडळी समोरासमोर यायची, एकमेकांना ओळखायची, आणि दोघेही एकाच वेळी नदीकडं बघायचे.

भरतेशचा अंगठा दुखायला लागला. चारशे. सहाशे. त्याला हसू आवरेना, आणि त्याच वेळी त्या सगळ्यांचा इतका लळा लागला की प्रत्येकाला हाक मारून चहा पाजावा असं वाटलं.

सातशे बाराव्या दाबानंतरची स्कूटर बाभळीपाशीच थांबली. चालवणारा उतरला. माकडटोपी, वर मफलर, वर काळा गॉगल, पहाटे साडेपाचला. पण सहा फूट दोन इंच लपवणारी टोपी अजून कुणी विणलेली नाही.

"मामा?"

स्कूटर पडता पडता राहिली. "कोण? पावणं? तुमी हितं काय करालाय?"

"मी कामावर आहे. तुम्ही?"

बाळगोंडा मामांनी गॉगल काढला. काय थाप मारावी याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, आणि एकही धड सुचत नव्हती तेही. शेवटी त्यांनी हँडलला अडकवलेला डबा पुढं केला.

"बुधवार हाय न्हवं आज," ते खालच्या आवाजात म्हणाले. "हुसेनकडं न्ह्यारी असती."

"हुसेनभाई? त्यांच्या समितीचे अध्यक्ष?"

"समिती गेली खड्ड्यात! चाळीस वरसं झाली, दर बुधवारी न्ह्यारी एकत्र. रेल्वेच्या संघात तो पास द्यायचा आणि मी टाकायचो. राजीला पयला चेंडू त्यानंच आणून दिला, तंबोऱ्याचे दोन भोपळे इकून. आता एका संघापायी ते मोडू व्हय?" मग एकदम आवाज चढला. "पन म्हंजे बंदी चूक हाय असं न्हवं हं! बंदी बाकीच्यांसाठी. सगळेच जायला लागले तर आपल्या कोल्हापूरचं कसं व्हायचं?"

त्याच वेळी त्यांच्या शेजारून आणखी पाच स्कूटर मुकाट्यानं गेल्या. त्यांतल्या चौघांनी अध्यक्षांना नमस्कार केला.

भरतेशच्या ओठांवर सगळं आलं होतं. मामा, हीच न्याहारी तुमच्या मुलीला घरी आणणार आहे. ही चोरून चाललेली माणसंच खरं शहर आहेत. त्यानं ते गिळलं आणि बटण दाबलं.

"हे काय दाबालाय?"

"तुम्हाला मोजलं."

"कुणीकडचा म्हणून?" मामांनी डोळे बारीक केले.

"माणूस म्हणून," भरतेश म्हणाला. "जा, न्याहारी गार होईल."

त्या दोन पहाटे मिळून त्याच्या बटणावर दोन हजार नऊशे एकसष्ट पावलांच्या जोड्या जमल्या. कागद पाकिटात घालून त्यानं पाकीट चिकटवलं, आणि राजमतीला एवढंच लिहिलं, "सही करू नकोस. का ते विचारू नकोस." मग पाठवायच्या आधी ते पुसून टाकलं. त्याऐवजी लिहिलं, "तीस तारखेची वाट बघ." तिचं उत्तर आलं, "तेच करालोय की."

तीस जानेवारीला डॉक्टर कुरियन स्वतः आल्या. जयसिंगपूरच्या एका मंगल कार्यालयात दोन्ही समित्या बसल्या होत्या, मध्ये रस्ता सोडून, वधूपक्ष-वरपक्ष बसतात तशा. पहिल्या रांगेत एकीकडं बाळगोंडा मामा, दुसरीकडं हुसेनभाई. दोघांनी एकमेकांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. बुधवार नव्हता ना!

बाईंनी पडद्यावर नकाशा लावला, मोहोर फोडून कलम वाचलं. बारा टक्क्यांची अट ऐकताच दोन्ही बाजूंचे चेहरे खर्रकन् उतरले. आपण काय करून बसलो हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं. बाळगोंडा मामांनी कपाळावर हात मारला. "आणि मी मानंवर इसंबलो!" ते पुटपुटले.

"पहिले दोन आठवडे आम्हीही फसलो," बाई म्हणाल्या. भरतेश मराठीत सांगत होता. "मग आम्ही गाळ चाळला, तिन्ही आठवड्यांचा. तुमचे हमरस्ते बंद होते, पण शेतवाटा जाग्या होत्या. अर्जुनवाड, कनवाड, आणखी सात ठिकाणं. एकूण एक पाय धरला. आम्ही पूर्वी घेतलेला तुमचा नेहमीचा आकडा चौदा टक्के होता." त्यांनी चष्मा पुसला. "बंदीतला आकडा आहे सतरा."

कार्यालयात टाचणी पडली तरी पायरवाला कळली असती.

"असं कसं?" कुणीतरी विचारलं.

"तेच मी चौगुलेंना विचारलं. ते म्हणाले, इकडच्या माणसाला जाऊ नको म्हटलं, की आठवड्यातून एकदा जाणारा दोनदा जातो. उद्या बंदी आणखी कडक झाली तर तीनदा जाईल!"

आधी एक जण हसला. मग दुसऱ्या बाजूचा एक. मग पत्रा उडेल असा हशा झाला, आणि त्या हशात शालूवाल्या आईनं समोरच्या रांगेतल्या पैलवानाला सगळ्यांदेखत विचारलं, "पुलावर तुम्हीच होता न्हवं?"

"महानगर एक, पोहोचणारी वस्ती बत्तीस लाख चाळीस हजार," बाईंनी आवाज चढवून सांगितलं. "संघ तुमचा." भरतेशचं पाकीट त्यांनी तिथंच फोडलं. त्या दोन पहाटांचा पायरवाचा आकडा होता दोन हजार नऊशे चौऱ्याहत्तर. माणसानं तेरा कमी मोजले होते. "ते मी मामांशी बोलत होतो तेव्हाचे," भरतेश म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. कुणाला काय वाटेल याची त्याला पर्वा नव्हती.

मग नावाचा प्रश्न आलाच. कोल्हापूर-सांगली की सांगली-कोल्हापूर? दहा मिनिटांत पुन्हा दोन बाजू पडल्या, बाह्या सरसावल्या गेल्या. नदीचं नाव सुचलं, तर कुठल्या नदीचं आधी? शेवटी हुसेनभाई उठले, मधला रस्ता ओलांडून पलीकडं गेले आणि बाळगोंडा मामांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"बाळू," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपण सगळे पकडले गेलो कुठं?"

अशा रीतीनं देशातल्या सोळा व्यावसायिक संघांत पंधरा संघ महानगरांच्या नावाचे झाले आणि सोळावा कृष्णाकाठच्या एका गावाच्या नावाचा. ‘अर्जुनवाड’. जगात एवढ्या लहान गावाच्या नावाचा व्यावसायिक संघ दुसरा नसावा, असं डॉक्टर कुरियन म्हणाल्या. अर्जुनवाडकरांनी त्याच दिवशी वेशीवर कमान उभारली.

राजमतीला फोन लावायला भरतेश कार्यालयाबाहेर आला. तिनं तो पहिल्याच घंटेला उचलला.

"बोल."

"ये घरी."

पलीकडं तिनं चेंडू आपटला. एकदा, दोनदा, मग थांबेचना.

नोव्हेंबरात पहिला सामना झाला, जयसिंगपूरच्या नव्या प्रेक्षागृहात. बारा हजार माणसं, मराठी शिट्ट्या. अर्जुनवाड चार गुणांनी जिंकलं. सामन्यानंतर कर्णधार कुठल्याही गाडीत बसली नाही. खांद्यावर बूट टाकून नवऱ्याबरोबर चालत सातव्या गल्लीत आली, वीस मिनिटांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतेश घरीच पायरवाच्या पडद्यासमोर बसला होता. सहाला त्यांच्या दारापुढच्या तारेवर एक रेघ उमटली, धप्-धप्-धप्. यंत्राला ती कुणाची ते कळत नव्हतं. त्यानं पडदा बंद केला, खिडकी उघडली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच तो आवाज आणखी किती दिवसांचा ते मोजलं नाही.